खिशातलं केळं

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी सासरे-जावई बसले होते. मधमाश्यांनी दोघांचीही तोंडं सुजवून ठेवली होती.

"जावईबापू, पेटीजवळ काय न्यायचं नाही म्हणून बजावलं होतं मी?"

"केळं."

"का?"

"डंख मारताना माशी जो वास सोडते, तो केळ्यासारखा असतो. त्या वासानं बाकीच्या धावून येतात."

"पाठ तर झालंय सगळं. मग तुमच्या खिशात केळं कसं?"

"मला पत्ताच नव्हता, बाबा. आईंनी गुपचूप ठेवलं होतं."

"तिला काय ठाऊक नाही होय? तिच्या माहेरी आजोबांपासून पेट्या आहेत."

"म्हणूनच ठेवलं म्हणाल्या. नुसतं सांगून माणूस ऐकत नाही, एकदा अंगाशी आलं की जन्मात विसरत नाही."

"हे कधी म्हणाली?"

"मघाशी, बर्फ लावताना. तुम्ही त्यांच्या माहेरच्या पेट्यांवर शिकत होतात, तेव्हा तुमच्याही खिशात त्यांनीच ठेवलं होतं म्हणे."



"तिनं?"

"हो. का?"

"त्या केळ्यापायी तिच्या भावाशी मी अजून बोलत नाही."