एकच स्थळ, आणि तेही बाइंडिंग

…नाही, पण मी म्हणतो, मुलगी मोहनची, कॉलेजात जाणार ती, सह्या करायच्या त्या बापलेकींनी, आणि दोन महिने डोकं कुणाचं उठलं? माझं. का, तर मी समोर राहतो. कॅल्गरीत समोर राहणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो, सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला बाहेर पडावं तर हा माणूस पलीकडे फावडं टेकून उभाच, आणि नाकातला केस न् केस गोठलेला असताना मला विचारतो, "काय रे, तुला काय वाटतं, डोंगरातलं की तळ्याकाठचं?" अरे बाबा, आधी गुड मॉर्निंग तरी म्हण…

पण मोहनचीही बाजू ऐकायला हवी, कारण माणूस वाईट नाही, त्याला फक्त रिटर्न पॉलिसी लागलीय. दारू लागते तशी. नागपूरहून आला तेव्हा चांगला धडधाकट होता. तिकडे दुकानात पाटीच असते, विकलेला माल परत घेतला जाणार नाही, मग माणूस आपला निमूट तो शर्ट घालतो, काखेत काचला तरी घालतो. इथे आला आणि कळलं, की वस्तू वापरूनसुद्धा पावती दाखवून परत देता येते, आणि वर काउंटरवरची मुलगी हसून 'हॅव अ गुड वन' म्हणते. संपला मोहन. त्या दिवसापासून या घरात एकही वस्तू कायमची आली नाही. बेसमेंटमध्ये सगळे रिकामे खोके रचलेले, टीव्हीचा, टोस्टरचा, फार काय, खोके ठेवायला आणलेल्या कपाटाचासुद्धा. गादीला शंभर रात्रींची ट्रायल असते म्हणून नव्व्याण्णवाव्या रात्री गादी परत, मग दुसऱ्या कंपनीची, मग तिसऱ्या. त्याच्या अवंतिकाने आख्खी आठवी ट्रायलवर झोपून काढलीय. कॅनडासुद्धा त्याने अजून ठेवून घेतलेला नाही. अठरा वर्षं झाली, बघतोय.

अशा माणसाच्या पुढ्यात, २०१७च्या सप्टेंबरात, अवंतिकाच्या शाळेतल्या कौन्सेलर बाईंनी काय ठेवावं? अर्ली डिसिजन! आता ही काय भानगड ते मलाही नाइलाजाने पाठ झालंय. अमेरिकेतल्या काही कॉलेजांत सगळ्यांच्या आधी, एक नोव्हेंबरलाच अर्ज करता येतो, पण एकाच ठिकाणी. आणि त्यांनी हो म्हटलं की जायचंच. बाकीचे अर्ज मागे. मुलीची सही, पालकांची सही, बाईंची सही. मोहनने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अँड आफ्टर दॅट, हाउ मेनी डेज टू रिटर्न?" बाई खूप हसल्या. मग त्यांना दिसलं की हा हसत नाहीये. तेव्हा म्हणाल्या, "सर, बाइंडिंग मीन्स बाइंडिंग."

बाइंडिंग म्हणजे बाइंडिंग. हे तीन शब्द घेऊन तो माझ्याकडे आला, माझा चहा प्यायला आणि म्हणाला, "अशी वस्तूच कशी विकतात रे?"

बरं, अवंतिकाचं ठरलेलं होतं. तिला बुरशी शिकायची होती. हो, बुरशी. अळंब्या, भूछत्र्या, झाडाला येते ती, भिंतीला येते ती, सगळी. छायाचं, म्हणजे मोहनच्या बायकोचं म्हणणं, बुरशीच बघायची तर आमच्या फ्रिजचा खालचा कप्पा आहे, घरी राहून, घरचं जेवून बघ. पण मुलगी हुशार, यादी करून तीन कॉलेजं काढली. एक बोस्टनकडे समुद्राजवळ, एक शिकागोकडे तळ्याकाठी, एक न्यूयॉर्कच्या वर डोंगरात. आणि म्हणाली, "डॅड, आय वॉन्ट द डोंगर वन." झालं की नाही ठरून? झालं ना? पण मोहन इंजिनियर, ऑइल कंपनीत सेफ्टी बघतो, काय-काय फुटू शकतं याचा पगार घेतो. त्याने एक्सेल उघडलं. शेहेचाळीस कॉलम. प्रोफेसर, वसतिगृह, बर्फ, अस्वलं… कॅल्गरीहून विमान, बदलावं लागतं का, लागलं तर कुठे, तिथे वॉशरूम कशी. डोंगराला जास्त मार्क पडले की घाबरायचा आणि अस्वलांचं वजन वाढवायचा. मग तळं पुढे. की घाबरला, विमानाचं वजन वाढव. समुद्र पुढे. मी म्हटलं, "मोहन, तुला कॉलेज निवडायचंय की तीन घोडे एकाच वेळी रेषेवर आणायचेत?" तर खाली बघून म्हणतो, "मी सही केली आणि ती तिकडे रडत बसली तर?" मी त्याला आणखी चहा दिला.

आणि अशात उतरली मंदाकिनीताई. मोहनची मोठी बहीण. नागपुरात तीस वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवते, एकशे चार लग्नं जमवलीत, पैकी एकशे एक टिकलीत, उरलेल्या तीन लग्नांचं नाव तिच्यासमोर काढायचं नाही. भावाकडे आराम करायला आली होती बाई. आल्या आल्या तिने विचारलं, "काहून असा तोंड पाडून बसला बापा?" मोहनने सगळं समजावलं. एकाच ठिकाणी विचारायचं, त्यांनी पसंत केलं तर नाही म्हणता येत नाही, बाकीच्यांना नकार कळवायचा, दोन्हीकडच्या सह्या. ताईने चष्मा पुसला.

"अरे मग हे तर लग्नच आहे. मला आधी काहून नाही सांगितलं?"

"आत्या, इट्स नॉट अ वेडिंग," अवंतिका म्हणाली.

"बाइंडिंग म्हणजे बाइंडिंग," ताई म्हणाली आणि बॅगेतून वही काढली. वही! आराम करायला आलेल्या बाईच्या बॅगेत स्थळांची कोरी वही, तारीख, वार, शेरा, सगळे रकाने आखलेले.

तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून त्या घरात कॉलेज हा शब्दच बंद झाला. समुद्राकडचे, तळ्याकाठचे आणि डोंगरातले. "समुद्राकडच्यांची माहिती येऊन राहिली, फार शिष्ट मंडळी आहे म्हणते." कोण म्हणतं? तर मँचेस्टरमध्ये राहणारी कुणी पद्मजा म्हणते. मँचेस्टर इंग्लंडात, कॉलेज अमेरिकेत, पण ताईच्या नेटवर्कला समुद्र आडवा येत नाही. समुद्राकडचे बाद. माझ्याकडेही आली चौकशीला. मोहनची मुलगी कशी आहे हे मला, समोरच्याला, विचारायला! मी म्हटलं, ताई, तुम्ही मुलीकडच्या, तुमची मुलगी तुम्हाला माहीत आहे. तर म्हणते, "ते लोक शेजाऱ्याला फोन करतील तर तू काय सांगशील ते पाहून राहिली."

मग आला तो कॉलेजांचा मेळावा. डाउनटाउनच्या हॉटेलात टेबलं मांडलेली, एकेका टेबलामागे एकेक कॉलेजचा माणूस, आणि गाडी कुणाची? माझी. मोहनच्या गाडीला विंटर टायर लावायचे होते, ते तो अजून ठरवत होता. ताई सलवार-कमीज, वरून मोहनचा गुडघ्यापर्यंतचा पार्का कोट, हातात वही, थेट डोंगरातल्यांच्या टेबलावर. मागे एक टायवाला पोरगा, ब्रँडन नाव, दाढीसुद्धा नीट फुटलेली नाही. ताई मराठीत विचारणार, मोहन इंग्रजीत सांगणार.

"विचार याला, गेलेल्या पोरींतल्या किती वापस माहेरी आल्या?"

मोहन घाम पुसत म्हणाला, "शी इज आस्किंग… हाउ मेनी स्टुडंट्स लीव्ह?"

ब्रँडन खूश. "ग्रेट क्वेश्चन! नाइन्टी-सिक्स पर्सेंट स्टे."

"आन् चार टक्के कुठे गेल्या?"

ब्रँडन म्हणाला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, मी ऑफिसात विचारून सांगतो. ताईने वहीत लिहिलं, 'मुलगा प्रामाणिक.' पुढे जेवण कोण करतं, आजारी पडली तर उशाशी कोण बसतं, सगळं झालं आणि शेवटी, आवाज खाली आणून, देण्याघेण्याचं. ब्रँडनने वर्षाचा आकडा सांगितला. मोहनने त्याचे रुपये करून सांगितले. ताईने वही मिटली.

"म्हणजे पोरगी आपली, पैसे आपले, आन् चार वर्षांनी पोरगी वापस?" ती मोहनकडे वळली. "एकशे चार लग्नं जमवली मी. इतके निगरगट्ट व्याही नाही पाहिले."

"व्हॉट डिड शी से?" ब्रँडनने विचारलं.

"शी इज इम्प्रेस्ड," मोहन म्हणाला.

पण ताई मुरलेली बाई. ती म्हणाली, घराची परीक्षा सासऱ्याला विचारून होत नसते, सुनेला विचारावं लागते, तेव्हा त्यांची एखादी सून दे म्हणा. आणि ब्रँडनने दिली की! दुसऱ्या वर्षाला शिकणारी रुचा, मूळची आपलीच, मॉन्ट्रियलजवळच्या ब्रॉसार्डची. रविवारी व्हिडिओ लावला. मीही होतो, कारण लॅपटॉप माझा. रुचा म्हणाली, "बोंजूर आजी, इथे सगळं से कॉरेक्ट आहे, म्हणजे ओके आहे." ताईने तिला एक तास चाळीस मिनिटं सोडली नाही. काय खातेस, कुणाशी भांडलीस, पाळीत दुखलं तर काय करतेस, पहिल्या महिन्यात किती वेळा रडलीस. मध्येच रुचाला आईची आठवण आली आणि ती खरंच रडली, ताई इकडून 'रड बेटा, रड' म्हणत बसली. लॅपटॉप बंद केला आणि मोहनला म्हणाली,

"पोरगी सुकलेली नाही. हसते, आन् रडते तेही मोकळं रडते. जी पोरगी सासरी मोकळी रडू शकते ना, ते घर चांगलं. सही कर."

त्याच दुपारी केली सही. म्हणजे कसली सही, माउसचं एक बटण. पण मोहनचं बोट हवेत. बाहेर बर्फ पडतोय, छाया स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी, खरं तर जीन्सवर होती, तरी पदर असल्यासारखे पुसतेय. मोहन म्हणाला, "अवंतिका, नंतर नको वाटलं तर?"

"देन आय विल कॉल यू," ती म्हणाली. आणि मग मराठीत, मोडक्यातोडक्या, "तू सगळे खोके ठेवतोस ना, डॅड. मला पण एक खोका ठेव. माझी रूम."

क्लिक. तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. मोहन उठला, वॉशरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला. बाहेर आला तो वेगळाच माणूस. बाइंडिंग म्हणजे बाइंडिंग, म्हणाला, छाती काढून. त्याच आठवड्यात विंटर टायर लावले. गादी ठेवून घेतली. आणि त्या डोंगरातल्या कॉलेजचा स्वेटशर्ट मागवला, मरून रंगाचा, पुढे हे एवढं नाव, आणि माझ्यासमोर कात्रीने त्याचा टॅग कापला. मोहनने टॅग कापला! मी छायाकडे पाहिलं, छायाने भिंत धरली.

आणि डिसेंबरात उत्तर आलं. डिफर्ड.

'होय' नाही, 'नाही'ही नाही. डिफर्ड. म्हणजे मुलगी चांगली आहे, पण इतक्यात सांगता येत नाही, मार्चमध्ये परत बघू, आणि दरम्यान तुम्ही आमच्या बंधनातून मोकळे. ताईने लगेच ओळखलं. "घरी विचारून कळवतो," ती म्हणाली आणि वहीत शेरा मारला. अवंतिका खोलीत जाऊन रडली. पण मोहन… मोहनने त्यांच्या ऑफिसला फोन लावला.

"मॅडम, वी हॅव साइन्ड. वी आर बाइंडिंग."

पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, यू आर नो लाँगर बाउंड. यू आर फ्री टू गो एनीव्हेअर."

"बट आय डोंट वॉन्ट टू बी फ्री!" मोहन ओरडला. हो, हाच मोहन. अठरा वर्षांत ज्याने एक टोस्टर मनापासून आपला म्हटला नाही, तो माणूस कॅल्गरीतल्या आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून, मला मोकळं करू नका, म्हणत होता. बाईंनी त्याला हॅपी हॉलिडेज म्हटलं.

ताई म्हणाली, "मुलीच्या बापानं एवढं मागे लागू नये."

आता पुढे काय झालं? काही नाही झालं. अवंतिका दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी जेवली, चौथ्या दिवशी तिला तळ्याकाठचे आवडायला लागले. सतरा वर्षांची मुलगी, तिला काय, तिथे म्हणे बुरशीची आख्खी लायब्ररी आहे. मार्चमध्ये त्यांचं हो आलं, डोंगरातल्यांचं शेवटी नाही आलं, सप्टेंबरात ती गेली, मजेत आहे, रविवारी फोन करते, मोकळी हसते. छाया सावरली. ताई म्हणते, एकशे पाच लग्नं झाली.

आणि मोहन तो मरून स्वेटशर्ट घालून फिरतो. ऑफिसला, ग्रोसरीला, शोव्हल करताना, कायम तोच. परवा सी-ट्रेनमध्ये माझ्याशेजारी बसला होता, समोरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने छातीवरचं नाव वाचून कौतुकाने विचारलं, तुमचं मूल तिथे शिकतं का? मोहन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नो, नो. माय डॉटर इज व्हेरी हॅपी समव्हेअर एल्स." आणि मग माझ्याकडे वळून, हळूच, मराठीत,

"माझं ठरलं होतं रे तिथे."