युनिफॉर्म घालून दादाकडे

मी दत्ता. घरी दत्ता, वॉर्डात ब्रदर. डोंबिवलीच्या खाडीकडे आमचा कोळीवाडा, आता चारी बाजूंनी टॉवर आलेत म्हणून रस्त्यावरून दिसत नाय, पण आहे. बाप मी शाळेत जायच्या आधीच गेला, तर बाप म्हणून मला जो काय माहीत आहे तो माझा हरीदादा. आईला पहाटे मासळी घेऊन बाजारात जायला लागायचं, म्हणून मला उठवायचा, बसवायचा, धुवायचा, न्हाऊ घालायचा, सगळं दादा. स्वतः खाडीवरून आलेला असायचा, हाताला जाळ्याचा वास, आणि त्याच हातांनी माझं डोकं असं खसाखसा चोळायचा की काय सांगू तुम्हाला, डोळ्यांत साबण गेला की मी बोंबलायचो आणि तो बोलायचा, रडतोस काय, कोळ्याचा पोर ना तू.

त्यानेच मला शिकवला. खाडीत काय रायलं नाय, केमिकलचं पाणी, तू नको येऊ होडीवर, बोलला. नर्सिंगच्या कोर्सला घातला तेव्हा वाड्यात सगळे हसलेले. बायांचं काम पोरगा करणार. एका म्हातारीने तर विचारलं, ब्रदर म्हणजे चर्चमध्ये पांढऱ्या झग्यात असतात ते का, मग ह्याचं लग्न नाय करायचं का. दादा ओट्यावर बसून एकेकाला समजवायचा, अगं म्हातारे, बाई असली का सिस्टर, बाप्या असला का ब्रदर, इंग्लिशमध्ये ब्रदर म्हणजे भाऊ. त्याचं सगळं इंग्लिश तेवढंच.

आता ह्या ब्रदर शब्दाचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो ताई. माझा पुतण्या, म्हणजे दादाचाच मुलगा, तो मित्राला ब्रो बोलतो, पार्सल घेऊन येतो त्याला पण ब्रो बोलतो, रिक्षावाल्याशी भांडताना पण ब्रोच. त्याचं ते वेगळं. वॉर्डात ब्रदर म्हणजे ज्याच्यासमोर लाज वाटत नाय असा माणूस. चांगला बँकेतला साहेब असतो, सुनेसमोर गंजीवर येत नाय, तो पण मला हाक मारतो, ब्रदर, जरा भांडं आणता का. मी आणतो, पुसतो, पावडर लावतो. त्याला माझं नाव नको असतं. नाव कळलं की माणूस ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या माणसापुढे लाज वाटते. इतकी वर्षं कल्याणला ह्या एकाच इस्पितळात काढली, हे मला पक्कं समजलेलं. पण ते माझ्या घरी येईल असं नाय वाटलेलं.

गेल्या गणपतीनंतर दादाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं शाबूत रायलं, जरा जड. आणला तो माझ्याच वॉर्डात, दुसरीकडे कशाला नेऊ. सकाळी मी गरम पाण्याचा टब घेऊन, पडदा ओढून उभा रायलो, तर त्याने चांगल्या हाताने चादर घट्ट धरली. बोलला, मना नको हात लावूस. मीच तुला न्हाऊ घातलाय.

तुम्हाला बाहेरून कळणार नाय ताई. आमच्यात थोरला भाऊ बापाच्या जागी. माझे केस पिकले तरी दादासमोर मी खुर्चीवर बसत नाय, खाली बसतो. धाकट्याने थोरल्याच्या पायाला हात लावायचा तो पाया पडायला. त्याच धाकट्याने थोरल्याला उघडा बघायचा, त्याची घाण काढायची, म्हणजे दादाच्या मनाला मेल्यासारखंच. स्वतःच्या मुलाला पण त्याने पडद्याच्या आत येऊ दिला नाय. मग मी आमच्या बिजूला पाठवला, वॉर्डातला दुसरा ब्रदर, केरळचा पोरगा, त्याला दादा गुमान करू द्यायचा. ब्रदर, तुम्ही जेवलात का, असं वर विचारायचा.

आणि आता खरं बोलतो. तो नको बोलला ना, तेव्हा मला आतून बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. अख्ख्या वॉर्डाचं करतो मी, कधी तोंड वाकडं केलं नाय, आणि जिथे करायलाच पाहिजे होतं तिथे सुटलो वाटलं. पडद्याच्या बाहेर चार्ट भरत उभा रायलो, आत बिजू दादाला कुशीवर वळवतोय ते ऐकत. आजपण तो पडदा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाय.

दादाला त्याच्या घरी आणल्यावर सगळंच बिघडलं. वहिनी एवढीशी, गुडघ्याने अधू, आणि दादा होडी एकट्याने ओढणारा गडी, तिच्याने वळतो कुठे. बाहेरचा माणूस ठेवला तर वाड्यात कळेल म्हणून दादा नाय बोलला. कमी खायला लागला, पाणी कमी प्यायला लागला, का, तर उठवायला लागू नये. आणि एके दिवशी वहिनीने मला मोरीपाशी बोलावून हळूच सांगितलं, भावजी, ह्यांच्या कमरेला खड्डा पडलाय. बेडसोर, ताई. आमच्या वॉर्डात बेडसोर झाला तर ब्रदरची मान खाली जाते, मी माझ्या हाताखाली एकाला होऊ दिला नाय. आणि माझ्या सख्ख्या भावाला. डॉक्टरांना विचारलं तर बोलले, हाडापर्यंत गेला, विष अंगात पसरलं, तर माणूस हाताला लागणार नाय, रोज ड्रेसिंग पाहिजे, सारखी कूस बदलायला पाहिजे.

दोनदा गेलो, दोनदा त्याने हात झटकला. पाया पडलो, तरी नाय. मी रडलो, तर मलाच समजवत बसला.

तिसऱ्यांदा काय झालं, ड्युटी लांबली, कपडे बदलायचे रायले आणि मी तसाच युनिफॉर्मवर रिक्षा पकडून आलो. निळा शर्ट, छातीवर बिल्ला. दादाने मला दारातून आत येताना बघितलं. बराच वेळ बघत रायला, शर्टाकडे, बिल्ल्याकडे, तोंडाकडे नाय. मग भिंतीकडे मान वळवली आणि बोलला, ब्रदर, जरा कूस बदलून देता का.

देता का, बोलला. मला. वहिनी चहा गाळत होती, तिचा हात तिथेच थांबला. माझ्या तोंडातून तेच निघालं जे सगळ्या पेशंटसाठी निघतं. हो काका, देतो ना. सख्ख्या भावाला मी काका बोललो ताई. मग वळवला, पुसला, जखम धुतली, जरा थंड लागेल हां काका, बोललो, आणि तो बोलला, चालेल ब्रदर, करा तुम्ही. पूर्ण वेळ त्याने माझ्याकडे बघितलं नाय. मी पण नाय बघितलं. हात मात्र ओळखत होते, त्याच्या खांद्यावरचा होडीच्या दोराचा घट्टा मी लहानपणापासून ओळखतो.

आता रोज असंच. सुट्टीच्या दिवशीपण मी युनिफॉर्म इस्त्री करून घालतो आणि जातो, पुतण्या हसत नाय, अंग पुसताना दादाला गार लागू नये म्हणून तो पंखा बंद करतो आणि बाहेर निघून जातो. जखम भरतेय, कडेने लाल मांस आलंय, डॉक्टर बोलले चांगलं लक्षण आहे. दादा परत जेवतो. देवाची कृपा. पण रात्री पडल्यावर माझं एकच येतं मनात, की मी लहान होतो तेव्हा त्याने माझं सगळं केलं, आणि त्याला कोण दुसरा व्हायला लागलं नाय. दादा होता तो, दादा म्हणूनच त्याने केलं. आणि मला त्याच्या अंगाला हात लावायचा तर परका होऊन जायला लागतं.

सगळं आवरलं की मी मागच्या दाराने मोरीवर जातो, हात धुतो, शर्ट उतरवून पिशवीत घालतो, घरातला टी-शर्ट चढवतो, आणि घराला वळसा घालून पुढच्या दाराने परत आत येतो, आणि त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी खाली बसतो. तेव्हा दादा माझ्या तोंडाकडे बघतो आणि विचारतो, कवा आयलास र दत्त्या, जेवलास का.

मी बोलतो, नाय दादा, आत्ताच येतोय.