जातं जड फिरायलंय

शेंगांची टरफलं. कारकुनाची लाल रुमी टोपी. बंद पडलेल्या मोटारीखाली निजलेलं कुत्रं. बीदरच्या थांब्यावर रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी आणि तिच्या आवारातले पंच गुंडेराव.

“गुंडेराव, दुबलगुंडीला जाऊन राजूबाईला काय सांगशील?”

“आवारातली सगळी बिऱ्हाडं तुला परत बोलवायलीत, म्हणंन.”

“आन् पंच चुकले, हे?”

“सिद्धम्मा अक्का, तिनं पंचांना चारचौघांत बोलावं का?”

“छप्पर गळायलंय, इतकंच म्हणली. तुमी हुकूम काढला, हिच्यासंगं दळायला कुणी बसायचं न्हाई.”

“तू तरी कुठं बसलीस?”

“न्हाई बसले. पहाटं भिंतीआड पडून ऐकायचे. एकटीच जातं वढायची. ओवीबी म्हणायची न्हाई.”

गुंडेरावांनी पायानं टरफलं बाजूला सारली.

“पोटुशी बाई, अण्णा.”

“मला ठावं न्हवतं.”

“तुझ्या बायकूला ठावं व्हतं.”

“जाताना काय म्हणली?”

“म्हणली, जातं जड फिरायलंय, पाथरवटाकडनं टाकी लावून घ्या.”

मोटार आली.

“चढ की, गुंडेराव.”

“तू व्हय पुढं. मी मागनं येतो.”

“मागली मोटार उद्या हाय!”

गुंडेराव रांगेतून बाजूला झाले आणि मला म्हणाले, “जावा तुमी.”

आवारातलं ते एकुलतं जातं राजूबाईनं माहेराहून आणलं होतं, हे म्हातारीनं मला मोटारीत सांगितलं.