आईचं अकरावीचं गणित

दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंचा एक कान फोनला आणि दुसरा कायम बाकड्याकडे असे. आज बाकड्यावर एक आई, तिची दहावी झालेली मुलगी आणि टोकाला एक आजोबा होते.

"अकरावीला मी साधं गणित घेणार. ते कॅल्क्युलस नको."

"बीजगणितालाही अशीच रडलीस. मग भूमितीला. त्रिकोणमितीला तर भरल्या ताटावरून उठली होतीस."

"तेव्हा तुला समजावून सांगता सांगता मला समजायचं."

"मग आताही सांग की!"

"कुणाला सांगू? तू इस्त्री करता करता पेंगायचीस."

"पेंगत नव्हते गं. डोळे मिटून त्रिकोण बघत होते."

"काहीतरीच! तुला कशाला हवेत त्रिकोण?"

"मला नववीतूनच घरी बसवलं. तुझ्या मागे मागे माझी दहावी झाली. आता पुढचं मला कोण शिकवणार?"

तेवढ्यात आतून डॉक्टरांची घंटी वाजली. नंबर त्या दोघींचाच होता, पण बाईंनी त्यांच्यानंतरच्या आजोबांना आत पाठवलं.

"आई."

"काय?"

"इस्त्री बाजूला ठेवून बसायचं. आणि डोळे उघडे हवेत."