सविस्तर चर्चेअंती

(शिवणकामाचा कारखाना. जेवणाची सुट्टी, मशिनं बंद. कटिंगच्या टेबलापाशी दोघीच.)

वहिनी : परत वाच. ‘संबंधित’पासून.

नणंद : दोनदा वाचलं की. ‘संबंधित कर्मचाऱ्याशी सविस्तर चर्चेअंती त्यांना कटिंगवरून काजं-बटणाच्या कामावर घेण्यात येत आहे.’ इथे खाली सही कर, वहिनी.

वहिनी : संबंधित म्हणजे मी. आणि ही चर्चा झाली कधी?

नणंद : अगं, कागदावर असंच लिहितात.

वहिनी : लिहू देत. मी विचारतेय, झाली कधी? मालकांनी मला बोलावलं नाही. तू सुपरवायझर, तूही अवाक्षर काढलं नाहीस.

नणंद : बोललो ना आपण. डोळ्यांच्या डॉक्टरकडून येताना, बसस्टॉपवर.

वहिनी : ती चर्चा होती?

नणंद : मग काय होतं?

वहिनी : रडत होते मी. खडूची एक रेघ दोन-दोन दिसते, ऑपरेशनपर्यंत कसं निभावायचं, हे माझ्या नणंदेला सांगत होते. सुपरवायझरला नाही. त्याला मन मोकळं करणं म्हणतात, बाई. चर्चा म्हणजे मलाही विचारायचं, माझं म्हणणं ऐकायचं, आणि मग ठरवायचं. तुम्ही ठरवून मोकळे झालात आणि वर माझं नाव घातलंत.

नणंद : आणि मंगळवारचं काय? बाह्यांचा अख्खा थर अर्धा इंच आत कापलास. साठ बाह्या. मी थांबून त्या लहान मापात बसवल्या, कुणाला पत्ता लागू दिला नाही. उद्या पात्याखाली बोट गेलं तर?

वहिनी : तर तेव्हाच तोंडावर सांगायचंस. मीच म्हणाले असते, दोन महिने काजं करते, पण टेबल माझं राहू दे. तसं लिहिलंय का यात कुठे, ऑपरेशननंतर परत घेऊ म्हणून?

नणंद : नाही.

वहिनी : माझ्या जागी?

नणंद : सोमवारपासून नवा माणूस येतोय. कायमचा.

वहिनी : वा. तुला या कारखान्यात मी आणलं. कात्री कशी धरायची ते मी शिकवलं. तू असा केसाने गळा कापशील, हे स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं माझ्या.

नणंद : मी एकटीने नाही ठरवलं गं.

वहिनी : कळलं. मालक होते.

नणंद : दादाही होता.

वहिनी : ह्यांना डोळ्याचं काही माहीत नाही. शपथ घातली होती मी तुला.

नणंद : मोडली मी ती. राहवेना. तासभर बोललो आम्ही. तो म्हणाला, तिला आधी विचारलंस तर ती काही ऐकायची नाही. सरळ कागदच ने, मुकाट्याने सही करेल.

वहिनी : हे कधी?

नणंद : रविवारी. तू भाजी आणायला गेली होतीस तेव्हा.

वहिनी : हं. मी आले तर दोघं गप्प बसला होतात. मला वाटलं, भांडलात. म्हणून काही न विचारता मी चहा टाकला.