कॅसेटमधली मोकळी जागा

थांबा हो रामजीभाऊ, पियानोला पट्टे नका बांधू अजून — ऐका तरी. मला काय वाटलं होतं, सांगू? लोक रडतील. नाहीतर अर्ध्यातून उठतील, म्हणतील, गौतमची पोर बर्लिनला शिकून आली आणि बापाच्या ऑपेराचं वाटोळं केलं. दोन्हीची तयारी होती माझी. आणि झालं काय? लोक गायला लागले! माझ्या वादनाच्या मध्येच!

हो, ऑपेराच. रॉक ऑपेरा. बाबांनी लालबागच्या मंडपात उभा केलेला — गिटार, ड्रम आणि मागे चाळीतलं अख्खं भजनी मंडळ. गिरणी बंद पडते आणि एक आई रोज डबा भरतच राहते, अशी गोष्ट. आईचं काम कालिंदीमावशीचं. मी कुठली बघायला, जन्मले तरी होते का तेव्हा? पुढे बाबा गेले, मी एवढीशी, आई मला घेऊन थेट जर्मनीला. माझ्याकडे बाबा म्हणजे एक कॅसेट, बस.

तर त्या कॅसेटमध्ये भोंगा वाजून थांबतो ना, तिथे शांतता आहे. लांबवर ड्रम, वर काहीच नाही. काय शांतता! मी अख्खा प्रबंध लिहिला तिच्यावर — बंद गिरणीची शांतता, म्हटलं. सगळं वादन तिच्याभोवती बांधलं — एकटा पियानो, समोर कागद नाही, दरवेळी सुचेल तसं नवं, पण त्या जागी हात वर. काल हात वर केले आणि — 'डबो थंड झालो गे माये!' — चाळीतून आलेला सगळा हॉल! टाळ्यांसकट!

मग? मग झाकण आपटलं मी. म्हटलं, प्लीज, हे सोलो आहे. — हसू नका. प्लीज म्हटलं होतं.

मावशी पहिल्याच रांगेत. उठली, म्हणाली, 'चेडवा, ती जागा आमची. कॅसेट भरली तेव्हा स्टुडिओत आम्ही मावाक नाय, म्हणान तुझ्या बापाशीन ती सोडल्यान.' आणि गेली. तिच्यामागून सगळे. चहा तसाच राहिला.

म्हणजे बघा, भजनात बुवा ओळ सोडतो, मागचे उचलतात — तेवढंच! माणसं जास्त, खोली लहान. आणि मी तिकडे डोळे मिटून, मान डोलवत... राग कशाचा आला, माहितेय? चुकले त्याचा नाही. त्यांना सगळं पाठ होतं, त्याचा. एवढे बाबा त्यांच्याकडे, आणि मला काय, त्यांचीच मोकळी जागा? मला ते एकटीला हवे होते हो. सोलो म्हणजे — जाऊ दे. तुम्हाला काय सांगत बसलेय.

तर सकाळी उठले आणि ठरवलं. हा पियानो गोडाऊनला जायचा नाही. लालबागला न्यायचा, मावशीच्या चाळीत, खाली चौकात. नाही, विचारलं नाहीये. फोन केला तर 'होय होय' म्हणेल आणि दार लावून बसेल. पियानो दारात आला की बघू. — आणि कोणी नाहीच गायलं तर? तर हात वर करून थांबेन मी. तेव्हा ती शांतता खरी असेल, माझ्या प्रबंधातली नाही.

बघताय काय? धरा तिकडून.