चार पॉइंट आठ

न्हाई न्हाई, हितं न्हाई, पलीकडं! रस्ता वलांडा, निळा पत्रा दिसतोय का, दारात वीस मोटारसायकली लागल्यात, तेच सोमनाथचं हॉटेल… तुमी तोंड उघडायच्या आधीच सांगितलं, कारण सकाळपासनं तुमची अकरावी गाडी. अकरावी! समदी माज्या दारात थांबत्यात, मोबाईल आडवा करत्यात, उभा करत्यात, आन् मलाच इचारत्यात, काका, सोमनाथ घरगुती कुठंय? आवं, माज्या डोक्यावर एवढा मोट्टा बोर्ड हाय, 'रामभाऊ घरगुती भोजन', लाल रंगात, भोरच्या पेंटरकडनं रंगवून एसटीच्या टपावर आणलेला, त्यो कुणाला दिसत न्हाई. मोबाईलात नसंल ते डोळ्यांनी बघायचं न्हाई असा कायदा निघालाय का पुण्यात?

बसा की घटकाभर. पलीकडं जागा व्हायला अर्धा तास लागंल. पाणी प्या. पाणी हाय माज्याकडं. जेवाण इचारू नका, ते का न्हाई तेच सांगतोय. तोरणा उतरून आलाय न्हवं? आन् हितनं पुढं? भोरला? बरं, बरं… मंग तर ऐकाच.

सोमनाथ माजा साडू. माजी बायको कुंदा थोरली, त्याची ती धाकटी, माहेर दोघींचं भाटघर. मला वेल्ह्यात हॉटेल टाकून बारा वर्षं झाली, तवा हा टेम्पो चालवत व्हता. चार वर्षांमागं आला माज्याकडं, मान खाली घालून, रामभाऊ, तुमच्या समोर मोकळी जागा हाय, टाकू का? म्या म्हणलं, टाक. म्या! ह्याच तोंडानं! आन् जेवाण म्हणाल तर दोघी बहिणी एकाच आईच्या हाताखाली शिकलेल्या. तेच पिठलं, तीच तांदळाची भाकरी, त्योच खर्डा, मीठसुदिक एकाच अंदाजाचं. एकदा सासऱ्याला डोळं झाकून दोन्हीकडलं चारलं, म्हणलं सांगा कुठलं कुणाचं. म्हातारा दोन्ही ताटं चाटूनपुसून म्हणतो, परत वाढा, मंग सांगतो.

मग फरक कशात? ताऱ्यात! सोमनाथच्या शिवानीनं, पोरगी भोरला कालेजात हाय, तिनं बापाचं हॉटेल मॅपवर टाकलं. नुसतं टाकलं न्हाई. सकाळच्या उन्हात ताटाचे फोटो काढले, वाफेसकट. उघडायची वेळ, बंद व्हायची वेळ, ताटात काय काय, गाडी लावायला जागा, समदं भरलं. वर गर्दीच्या वेळा बी दिसत्यात त्यात, रविवारी एक वाजता पट्टी अशी उंच! आन् तारे किती? चार पॉइंट आठ! म्या जळत न्हाई हां. सख्खा साडू हाय. पण चार पॉइंट आठ?

आन् कुणी काय बी लिहू द्या, शिवानीचं खाली उत्तर तयार. कुणी लिहिलं पिठलं झकास, तर 'धन्यवाद! पुन्हा अवश्य भेट द्या.' कुणी लिहिलं हात धुवायला पाणी गार व्हतं, तर 'क्षमस्व, लक्ष देऊ. पुन्हा अवश्य भेट द्या.' म्या तिला म्हणलं, का गं पोरी, पाणी गार व्हतं म्हणून माफी? ती म्हणती, काका, उत्तर दिलं की माणसाला बरं वाटतं, ही टिप हाय. टिप! आमच्या टायमाला टिप म्हणजे ताटाखाली ठिवल्याली धाची नोट.

मला वाटलं, देव हाय. हितं रेंज कुठंय? पाबे घाट उतरला की मोबाईल मुका. पोरांना मॅप दिसायचा न्हाई, पहिलं हॉटेल माजं, बसतील झक मारून. तर कसचं काय! आता म्हणं मॅप घरनंच भरून आणता येतो. पुण्यात वायफायवर उतरवून घ्यायचा, हितं बिनरेंजचा चालतो. एक पोरगी मला शिकवून गेली, काका, अहो, ऑफलाइन, सोप्पंय. मला शिकवलं आन् जेवायला गेली पलीकडं.

घरात कुंदा रविवारी पाटीभर भाकरी थापायची. चुलीपुढं घामानं भिजायची आन् दुपार कलली की म्हणायची, अजून येतील. येत न्हवतं कुणी. भाकरी म्हशीला. एकदा म्हशीनं बी तोंड फिरवलं, तवा कुंदा पदर तोंडाला लावून आत गेली, आन् तुमाला खोटं कशाला सांगू, मला त्या टायमाला सोमनाथचा निळा पत्रा काढून फेकावासा वाटला.

तवाच ठरवलं. आपुन बी मॅपवर. पण शिवानीला इचारायचं? मेलो तरी न्हाई. मोबाईलात एक ताई येत्यात बघा, 'नमस्कार मंडळी, आज आपण पाहणार आहोत पाच नवीन फीचर जी तुम्हाला माहीतच नाहीत', त्यांचं समदं एका पोराकडनं मोबाईलात भरून घेतलं आन् पाठ केलं. जागा कशी टाकायची, फोटो कसा लावायचा, बोलून टायपिंग कसं करायचं. आता हे करायला रेंज पायजे. हितं कुठनं आणू? तेवढ्यात मेहुण्याकडं, कुमारकडं, भाटघरला बारसं निघालं. तिथं रेंज अशी, पाच दांड्या, गच्च! बायका पाळणा म्हणत व्हत्या, म्या गुपचूप सटकलो, धरणाच्या कडंला एक सपाट दगड हाय, पूर्वी कुंदा त्याच्यावर कापडं धुवायची, तिथं जाऊन बसलो. ताई म्हणाल्या, 'आता लोकेशन चालू करा.' केलं. 'आता, माझे सध्याचे ठिकाण, इथे दाबा.' दाबलं. आवं, दाबा म्हणल्या, दाबलं! कुंदाच्या ताटाचा फोटो लावला, नाव टाकलं 'रामभाऊ घरगुती भोजन', आन् बारशाच्या घुगऱ्या खात घरी आलो.

आता समजलं का तुमाला? तुमी हसताय, म्हणजे समजलं. मला न्हाई समजलं हो! धा दिवसांनी नसरापूरच्या बाजारात रेंज आली तवा उघडून बघतो तर तारे! माज्या हॉटेलाला तारे! किती? चार पॉइंट नऊ! सोमनाथ चार पॉइंट आठ, म्या चार पॉइंट नऊ! पेढं घेतलं. सोमनाथच्या दारात जाऊन, गिऱ्हाइकांच्या देखत, त्याच्या तोंडात पेढा घातला आन् म्हणलं, साडू, एक पॉइंटानं पुढं हाय. त्यो बिचारा पाया पडला. पाया पडला! त्याचा त्यो चांगुलपणाच सोसत न्हाई मला.

पण माणूस येईना. तारे वाढत्यात, चाळीसाचे साठ लोक झाले, आन् माज्या बाकड्यावर कुत्रं झोपलंय. मला वाटलं, सोमनाथ वाटंत अडवतोय. शेवटी गेलो शिवानीकडं, त्यांच्या हॉटेलात वायफाय हाय ना, म्हणलं, बघ गं, हे काय गौडबंगाल हाय. म्या नुसते तारे बघितलेले, वाचलं कुठं व्हतं? तिनं वाचाय घेतलं. पहिला कोण मंदार, पुण्याचा. 'येथे हॉटेल नाही. पण बसायला सुंदर दगड आहे. समोर पाणी, वारा, शांतता. पाच तारे.' दुसरी चैत्राली. 'मालकांनी फलक लावलेला नाही, टेबलं मांडलेली नाहीत. असा साधेपणा हल्ली दुर्मिळ.' तिसरा सौमित्र. 'वेटर अजिबात नाहीत, त्यामुळे कोणी घाई करत नाही.' खाली समदे सूर्य बुडतानाचे फोटो. एक नवरा-नवरीचा बी! लगीन माज्या हॉटेलात, आन् मला अक्षता न्हाई!

शिवानी हसून हसून खाली बसली. मंग डोळं पुसून म्हणती, काका, तुमचं हॉटेल भाटघर धरणाच्या काठावर हाय. हे कायमचं बंद झालं असं दाबू, आन् हितं वेल्ह्यात नवं टाकू, दोन मिनटाचं काम. म्हणलं, दाब. तिनं बोट नेलं. आन् माज्या मनात काय आलं? म्हणलं, थांब. आन् तारे? ती म्हणती, ते जात्यात काका, नवं हॉटेल म्हणजे शून्यापासनं.

शून्य! रस्त्याच्या ह्या बाजूला शून्य, त्या बाजूला चार पॉइंट आठ! हात धरला तिचा. म्हणलं, राहू दे.

कुंदाला घरी समदं सांगितलं. ती भाकरी थापत व्हती, थापता थापता थांबली. म्हणाली, पुसून टाका की, चार माणसं येतील. म्हणलं, अगं, चार पॉइंट नऊ हायेत! ती म्हणाली, ते खायचं कशासंगं? एक रविवार गेला, पाटी म्हशीला. दुसरा रविवार गेला. रोज म्हणायची, आज जाता का शिवानीकडं? म्या म्हणायचो, बघू. तिसऱ्या रविवारी सकाळी बघतो तर बाईनं शेगडी बांधलेली, काठवट गोणीत घातलेली, एसटीच्या वाटंला उभी. म्हणलं, कुठं? तर माज्याकडं बघून शांतपणानं म्हणाली, "आवं, माणसं जिथं येत्यात तिथं मी जेवाण घेऊन जाती. तुमी हितं बसा, तारे राखा."

गेली! म्हणलं, संध्याकाळच्या गाडीनं येईल. त्याला झाले सात आठवडे.

आता ऐका. कुमारनं तिला दगडाशेजारी चार पत्रे उभे करून दिले. पुण्याची माणसं सूर्य बघाय येत्यात, बघत्यात तर पिठल्याचा वास! शिवानीनं मावशीला फोनवर सांगून त्या हॉटेलाची मालकीण करून टाकली, मॅपवर, रीतसर. आता तिथं वेळ हाय, ताटाचे नवे फोटो हायेत, वाफेसकट, गर्दीच्या वेळा हायेत. बायकोची पट्टी सोमनाथच्या पट्टीपेक्षा उंच! हे समदं म्या कुठं बघतो? सोमनाथच्या हॉटेलात. घरात चूल थंड, जेवाण कोण देणार, दुपारी जातो पलीकडं. मेहुणी वाढती, घ्या दाजी, अजून घ्या. पैसं घेत न्हाईत. तेच पिठलं हो, तेच मीठ, सासऱ्याला फरक कळला न्हाई… मला कळतो. एका हातात घास, दुसऱ्या हातात मोबाईल, वाचत बसतो. 'मावशींनी आग्रहाने तिसरी भाकरी वाढली.' मला बारा वर्षांत तिसरी भाकरी मागून घ्यावी लागली! 'मावशी किती गोड हसतात.' कवा? कुणाला हसती? फोटो बघितला तर खरंच हसतीया. आधी सोमनाथवर जळायचो, आता माज्याच हॉटेलावर जळतो. हां, जळतो! मगाशी न्हाई म्हणलो ते खोटं व्हतं.

फोन केला व्हता, सोमनाथच्या वायफायवरनं. म्हणाली, गिऱ्हाईक हाय, ठिवती. दुसऱ्यांदा केला, कुमारनं उचलला, म्हणतो, दाजी, अक्का तव्यावर हाय. पण शिवानी म्हणाली, मावशी रिव्ह्यू समदे वाचती, एक बी सोडत न्हाई. मंग म्हणलं, तसं तर तसं. परवा दिवशी बोलून टायपिंग केलं, सोमनाथच्या बाकावर बसून. 'जेवण उत्तम. मी बारा वर्षे खात आलो आहे. आता ताट कोरडे वाटते. मालकीणबाई घरी कधी येणार?' आन् तारे द्यायची वेळ आली. पाच द्यायला पायजे व्हते, कळत व्हतं. पण बोट ऐकंना. घरी येत न्हाई ना ती! रागानं एकच दिला.

शिवानीनं बघितलं, कपाळाला हात लावला. म्हणती, काका, काय केलंत, तुमच्या हॉटेलाचे आता किती झाले बघा.

चार पॉइंट आठ.

सोमनाथशी बरोबरी! आन् त्या बाबानं काय करावं? पेढं आणलं. माज्या तोंडात पेढा घालतो आन् म्हणतो, रामभाऊ, आता आपुन दोघं सारखे. म्या त्यो पेढा गिळला. गिळावाच लागला, तोंडात व्हता.

तेवढ्यात मोबाईल वाजला. कुंदाचं उत्तर! शिवानीला म्हणलं, तूच वाच. तिनं वाचलं.

'धन्यवाद! पुन्हा अवश्य भेट द्या.'

तर… म्या काय म्हणतो, तुमचं पलीकडं जेवाण होऊ द्या, घाई न्हाई. म्या तवर दाराला कडी लावतो, ती मोठी परात तिथं उपयोगी पडंल, ती घेतो, आन् हितं रस्त्याच्या कडंला उभा राहतो. भाटघर भोरच्या वाटंवरच हाय, तुमचा मोबाईल बरोबर नेईल, माजंच नाव टाका. तेवढं गाडीत मागं एका माणसापुरती जागा करा.